विहिरीपाशी अडकतं

हे लिहायचं मी तीन वर्षं टाळलं. आज लिहितोय ते धीर आला म्हणून नव्हे, चीड आली म्हणून. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा ठराव आला. कारण काय, तर 'लिमये काकांनी सुचवलेल्या सिनेमांमुळे घराघरांत माणसं पुन्हा बोलू लागली.' ठराव एकमताने मंजूर. मी उभा राहून म्हटलं, "हे माझं काम नाही, मला नको." तर टाळ्या! मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, किती विनय!" विनय कसला डोंबलाचा... मी खरं बोलत होतो. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि लोकांनी तेही माझ्या मोठेपणात जमा केलं.

म्हणून आता छापूनच सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो ते केवळ चिडण्यासाठी. कोणाला पिंपळाखाली पांढरी साडी दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात, पण एकालाही धड पत्ता सांगता येत नाही. 'एका गावात', 'एका घाटात'... अहो, कुठल्या? त्यामुळे मी माझ्यापुरतं सगळं नीट सांगणार आहे.

जागा : हडपसर, गाडीतळापासून चालत पंधरा मिनिटं. सात मजली इमारत, बी विंग. तळमजल्यावर लिफ्ट. लिफ्टच्या डाव्या हाताला पत्रपेट्या, उजव्या हाताला लाकडी चौकटीचा काळा फळा. पूर्वी त्यावर 'उद्या पाणी येणार नाही' असं लिहीत. मग सगळं मोबाईलवर आलं आणि फळा रिकामा राहिला. मी तो मागून घेतला.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. शनिवार पेठेत माझी व्हिडिओ लायब्ररी होती. आधी कॅसेट, मग सीडी, मग डीव्हीडी, मग कुलूप. जुन्या लोकांना दुकान आठवेल, नाव देत नाही. मुलाकडे, मिलिंदकडे, हडपसरला राहायला आल्यावर रिकामपण अंगावर येऊ लागलं. तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मी या फळ्यावर 'घरी बसून काय पाहाल' अशा मथळ्याखाली एका सिनेमाचं नाव लिहायला लागलो. फक्त नाव. कुठल्या ॲपवर आहे ते ज्याचं त्याने शोधावं. सगळं आयतं कशाला?

दोनेक वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग एका शनिवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो, तर मी लिहिलेल्या नावाच्या खाली आणखी दोन ओळी.

'ज्यांची मुलं लांब आहेत त्यांनी एकट्याने पाहू नये. पोस्टमन सायकलवरून उतरतो तिथे अडकतं. तेवढ्यात चहा टाका.'

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या फळ्यावर, माझ्या नावाखाली, हे आगंतुक शहाणपण कोणाचं? पहिला संशय आमचे सेक्रेटरी वानखेडे यांच्यावर. मूळचे अमरावतीचे, हिंजवडीला नोकरी, वय चाळीसच्या आत, आणि सगळ्या गोष्टीत विनोद करायची खोड. त्यांना गाठलं.

"वानखेडे, हा काय प्रकार आहे?"

"काका, तुम्हीच लिहून राहिले आणि मलाच विचारून राहिले!"

"मी हे लिहिलेलं नाही."

"मग चांगलं लिहिलं ना कोणीतरी. चिडून काहून राहिले?"

दुसरा संशय चौथ्या मजल्यावरच्या साने बाईंवर. निवृत्त शिक्षिका, फळ्यावर लिहायची सवय, आणि माझ्याबद्दल फारसं बरं मत नाही. पण सोमवारी त्याच लिफ्टपाशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"लिमये, इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी उपयोगाचं लिहिलंत तुम्ही."

"म्हणजे?"

"अडकलं हो. बरोब्बर पोस्टमन सायकलवरून उतरतो तिथेच. एक पाय पेडलवर, एक हवेत. मी चहा टाकला. उकळेपर्यंत काही सुचेना, म्हणून कॅनडाला मुलाला, अभयला, फोन लावला. चार महिने लावला नव्हता... कोणी आधी लावायचा यावरून रुसवा होता आमचा. तासभर बोलत होतो. सिनेमा राहिलाच."

मी म्हटलं, "इंटरनेटचा घोटाळा असेल."

"माझ्याकडे कुठलं इंटरनेट? भाचा पेन ड्राइव्हवर भरून देतो."

वानखेड्यांकडेही तिथेच अडकलं होतं. ए विंगमधल्या तिघांकडे तिथेच. निरनिराळ्या कंपन्यांचे टीव्ही, निरनिराळी जोडणी, कोणी शनिवारी पाहिलेला, कोणी रविवारी. मी मिलिंदला विचारलं. त्याने मोबाईलवरून नजर न उचलता एक शब्द उच्चारला, "बफरिंग." पेन ड्राइव्हला बफरिंग कसलं, ते मात्र त्याला सांगता आलं नाही. आजच्या मुलांना एक इंग्रजी शब्द सापडला की प्रश्न संपतो.

आता खरं सांगतो. त्या ओळी पहिल्यांदा वाचल्या तेव्हाच मला त्या कोणाच्या आहेत ते कळलं होतं. अक्षरावरून नव्हे, ते खडूचं होतं, कोणाचंही असतं. पण सिनेमाची शिफारस अशी करणारं माणूस पुण्यात एकच होतं. कुमुदताई.

कुमुदताई माझ्या लायब्ररीत चौदा वर्षं होत्या. लग्न झालेलं नव्हतं, पेठेतच पलीकडच्या बोळात आईबरोबर राहायच्या. परत आलेली प्रत्येक कॅसेट मागच्या खोलीत जुन्या व्हीसीआरवर लावून, मटार सोलत नाहीतर लोकरीचं काहीतरी विणत, त्या अखेरपर्यंत पाहायच्या. कारण टेप खराब व्हायच्या. कुठे चुरगळलेली असायची, कुठे ओढली जाऊन अडकायची. मग व्हीसीआर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबावं लागे. गिऱ्हाईक आरडाओरडा करी. त्यावर कुमुदताईंनी तोड काढली. प्रत्येक कॅसेटच्या डबीत एक पुठ्ठ्याचं कार्ड. त्यावर पेन्सिलीने, हा सिनेमा कोणी पाहावा, कोणी पाहू नये, टेप कुठे अडकते आणि तेवढ्यात काय करावं. 'दोघांचं भांडण झालं असेल तर आणावा. दिवाणखान्यातल्या गाण्याआधी अडकतं, तेवढ्यात कोणीतरी एकाने बोलावं.' 'तापातून उठलेल्यांसाठी. मध्ये अडकतं तेव्हा औषध घ्या.' लोक सिनेमाचं नाव वाचेनासे झाले, कार्ड वाचायला लागले. आणि त्या नुसतं सिनेमे पाहून लिहीत नव्हत्या, कुठल्या घरात काय चाललंय ते त्यांना ठाऊक असे. कोणाला कुठली डबी पुढे करायची हे त्या माणूस पायरी चढेपर्यंत ठरवायच्या.

आणि मी काय केलं? एक रबरी शिक्का बनवून घेतला. 'लिमये यांची शिफारस.' त्यांनी लिहिलेल्या प्रत्येक कार्डाखाली तो मारायचा. मारायच्या त्याच. शाईची उशी वाळली की पाणीही त्याच घालायच्या. लोक काउंटरवर येऊन म्हणायचे, "लिमये, काय सिनेमा दिलात हो! आमची ही वर्षभराने हसली." मी म्हणायचो, "अनुभव आहे, दुसरं काय." मागच्या खोलीत मटार सोलल्याचा आवाज यायचा... एकदाही तो थांबला नाही.

तर फळ्यावरच्या ओळी पाहून मला वाटलं ते हे, की कुमुदताई हडपसरला राहतात, कोणाला तरी हाताशी धरून त्यांनी मला म्हातारपणी छळायचं ठरवलंय. हो, हडपसरलाच. लायब्ररी सोडल्यावर त्या भावाकडे आल्या होत्या, गाडीतळाच्या पलीकडे. जुन्या एका सभासदाने या प्रकाराच्या सहा वर्षं आधी त्यांचा नंबर मला दिला होता. मी तो मोबाईलमध्ये 'कु.' एवढ्याच नावाने ठेवला होता. रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर. सहा वर्षांत मी ना रिक्षा केली, ना फोन.

उलट मी चिडलो. फळ्याला काचेची झडप बसवून घेतली, कुलपासकट. किल्ली जानव्याला बांधली. आणि वर पाटी लावली :

'या फळ्यावर लिमये यांच्याखेरीज कोणीही लिहू नये. लिहिण्याची हौस असल्यास स्वतःचा फळा आणावा. खडूही.'

पुढच्या शुक्रवारी नाव लिहिलं, झडप लावली, कुलूप ओढून पाहिलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो. पाच ते सव्वापाच. फळ्यावर एकच ओळ, माझी. सव्वापाचला वानखेडे ऑफिसहून परतलेल्या बायकोबरोबर आत आले, लिफ्टचं दार उघडलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. किती वेळ? 'काय काका, पहारा?' एवढं त्यांनी म्हणेपर्यंत. परत मान वळवली तर काचेच्या आत, माझ्या ओळीखाली :

'ज्या घरात बोलणं बंद आहे त्यांनी दोघांनी मिळून पाहावा. दिवे जातात तिथे अडकतं. तेवढ्यात आधी ज्याचं चुकलं त्याने पाणी आणून द्यावं.'

कुलूप जागच्या जागी. किल्ली माझ्या बनियनच्या आत. वानखेड्यांनी ओळी वाचल्या. नेहमीसारखा विनोद केला नाही. नवरा-बायको एकमेकांकडे न बघता जिन्याने वर गेले. जिन्याने, लिफ्ट समोर उघडी असताना.

रविवारी ते एकटे माझ्या दारात आले.

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"आमचं बोलणं आठ दिवसांपासून बंद होतं. घरात तिसरं माणूस नाही. मी कोणाला बोललो नाही, ती पण नाही."

"मग?"

"मग काय... दिवे गेले तिथे अडकलं. पाच मिनिटं तसेच बसून होतो अंधारात, टीव्हीतल्याच. मग मी उठून पाणी आणलं." मग म्हणाले, "माझंच चुकलं होतं जी. थँक यू म्हणायला आलो."

आणि इथे वाचकहो, तुम्ही माझी कीव करू नका. मी काय म्हणालो ऐका. मी म्हणालो, "अनुभव आहे, दुसरं काय."

पुढचे सहा शुक्रवार हेच. मी नाव लिहायचं, काचेआड ओळी उमटायच्या, सांगितल्या जागी सगळ्यांचे टीव्ही अडकायचे, आणि त्या थांबलेल्या पाच-दहा मिनिटांत कोणी कोणाला फोन लावायचा, कोणी कोणाची माफी मागायची, कोणी वर्षभर बंद असलेली खोली उघडायची. सोसायटीत मला लोक वाकून नमस्कार करायला लागले. मी आशीर्वाद द्यायचो. घरी आलो की मात्र चडफडायचो. कुलूप बदललं, झडप बदलली, खडू बदलून रंगीत आणला, तर ओळी रंगीत खडूने यायला लागल्या. मला भीती वाटत नव्हती. मला फक्त एवढंच वाटत होतं, की ही बाई माझं नाव वापरते! काय अधिकार आहे तिला?

हे वाक्य मी खरोखर मनाशी म्हणालो होतो. 

आता ती गोष्ट, जी मी टाळत आलो.

लायब्ररीचे एक सभासद होते. जवळच्या शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांची धाकटी मुलगी सुटीत आजोळी गेली असताना विहिरीत पडून गेली होती. त्यानंतर वर्षभर त्यांनी कॅसेट नेली नव्हती. एक दिवस आले. म्हणाले, "हिला जरा बरं वाटेल असं काही द्या. सगळे मिळून बघू."

कुमुदताई त्या दिवशी आणि आदल्या दिवशी रजेवर होत्या, त्यांच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. सकाळीच एक नवीन कॅसेट आली होती. डबीवर हसरं कुटुंब. मी ती पाहिलेली नव्हती. दुकानात गर्दी होती. मी कोरं कार्ड घेतलं, पेन्सिल घेतली आणि कुमुदताईंच्या थाटात लिहिलं, 'घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा. निर्धास्त.' शिक्का मारला. दिली.

सिनेमात मध्यंतरानंतर एक लहान मुलगी विहिरीच्या काठावर चढते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आले. दुकान भरलेलं. कुमुदताई कामावर परतलेल्या. सरांनी डबी काउंटरवर ठेवली, कार्ड हातात धरलं. आवाज चढलेला नव्हता... तेच वाईट होतं.

"लिमये, ही उठून आत गेली ती अजून बाहेर आलेली नाही. जेवत नाही, बोलत नाही. निर्धास्त हा शब्द कोणी लिहिला?"

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं. चौदा वर्षं त्या शिक्क्याचं श्रेय मी घेत आलो होतो, त्या शेकडो कार्डांतलं एकच कार्ड खरोखर माझं होतं, आणि तेव्हा मी मागच्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

"कार्डं कुमुदताई लिहितात," मी म्हणालो.

त्या दारातच उभ्या होत्या. पुढे आल्या, सरांच्या हातून कार्ड घेतलं, वाचलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं आता बोलणार. एका वाक्याचं काम होतं, 'मी दोन दिवस रजेवर होते.' पण त्यांनी सरांकडे वळून हात जोडले. "सर, फार मोठी चूक झाली," एवढंच म्हणाल्या. त्या माणसासमोर 'मी नाही, हा' अशी ओढाताण करायची त्यांची तयारी नव्हती, हे मला तेव्हाही समजत होतं. मी ते वापरलं.

त्या दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. सरांचं घर त्यांच्याच बोळात होतं. बोळातल्या बायकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. 'बिनलग्नाच्या बाईला काय कळणार आईचं काळीज,' इथपर्यंत लोक बोलले. माझ्या काउंटरवर उभं राहून बोलले! मी पावती फाडत होतो. वर्षभरात त्या आईला घेऊन पेठ सोडून भावाकडे आल्या. आणि दुकानातली कार्डं? मीच लिहायला लागलो. वर्षभरात लोकांनी ती वाचणं सोडलं.

तो सिनेमा मी त्यानंतरही कधी पाहिला नाही.

तर ओळी यायला लागल्यापासूनचा नववा शुक्रवार. त्या दिवशी मी ठरवून नाव लिहिलं नाही. म्हटलं, बघू आता कशाखाली लिहितेस ते. फळा ओल्या फडक्याने पुसला, झडप लावली, कुलूप लावलं, पाठ फिरवली. चार पावलं गेलो असेन. मागे वळलो ते उगाच, सवयीने.

त्या सिनेमाचं नाव होतं. इथे देत नाही, दिलं तर तुम्ही तो शोधायला जाल आणि मुद्दा राहील बाजूला. त्याखाली :

'हा लिमयांनी पाहावा. विहिरीपाशी अडकतं. तेवढ्यात फोन करावा.'

मी किल्ली काढली आणि बाहीनेच ते पुसून टाकलं. कोणी वाचलं नाही, मी एकट्याने वाचलं.

शनिवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. जेवून टीव्ही लावला. सिनेमा शोधून काढला, आजकाल सगळं सापडतं. अडीचला सुरू केला. खरोखरच हसरा सिनेमा होता. मध्यंतरापर्यंत मी दोनदा हसलोही. पावणेचारच्या सुमारास ती मुलगी परकर सावरत विहिरीच्या काठावर चढली, आणि अडकलं.

चित्र स्तब्ध. एक पाय काठावर, दुसरा हवेत. आवाज बंद. मोबाईल माझ्या समोर टीपॉयवर. 'कु.' कुठे आहे ते मला माहीत होतं. काय बोलायचं तेही माहीत होतं, पेठेतल्या त्या संध्याकाळपासून माहीत होतं.

मी मोबाईल उचलला आणि इंटरनेट कंपनीला फोन लावला.

हो. तक्रार करायला. एक दाबा, दोन दाबा, मराठीसाठी तीन दाबा, आमच्यासाठी तुमचा कॉल महत्त्वाचा आहे. मग एक मुलगी आली, तिला मी झापलं. तिने वरिष्ठांकडे दिलं, त्यांना झापलं. "पैसे घेता ते कशाचे? ज्येष्ठ नागरिकाला असं ताटकळत ठेवता?" मी उभा राहून ओरडत होतो. समोर ती मुलगी एका पायावर उभी होती. वरिष्ठ शांतपणे म्हणाले, "सर, आमच्याकडून तुमची लाइन व्यवस्थित दिसतेय." मी म्हटलं, "खोटं बोलता!"

बावीस मिनिटं. मोबाईलवर कॉलची वेळ दिसते, म्हणून नेमकं सांगता येतंय. बावीस मिनिटांनी टीव्हीत पाण्याचा आवाज झाला आणि सिनेमा पुढे सुरू झाला. मी फोन ठेवला. टीव्ही बंद केला. 'कु.'ला फोन केला नाही. म्हटलं, उद्या बघू, तिच्या सांगण्यावरून कशाला?

मंगळवारी सकाळी वर्तमानपत्र उघडलं. आम्ही या वयात आधी निधनाचं पान वाचतो. कुमुदताईंचा फोटो होता. केस पांढरे, चष्मा तोच.

त्या दिवशी मात्र रिक्षा केली. दहा मिनिटं लागली, सहा वर्षांत न झालेली. दार त्यांच्या भाचीने उघडलं. मृणाल नाव, पन्नाशीच्या बाई. मी नाव सांगितलं.

"लिमये... लायब्ररीचे? बसा. आत्या तुमच्या दुकानाचं खूप सांगायची." खुर्ची पुढे सरकवून म्हणाल्या, "दुकानाचं. तुमचं फारसं नाही."

मी विचारलं, त्या आमच्या सोसायटीत कधी आल्या होत्या का, कोणाला पाठवलं होतं का. मृणालताई म्हणाल्या, "काका, आत्या दीड वर्षं अंथरुणावर होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. तुम्ही हडपसरला असता हे आम्हाला आत्ता कळतंय."

मग आपण होऊनच सांगायला लागल्या. दुःखात माणसं सांगतात तसं, तपशीलवार.

"शनिवारी दुपारपर्यंत बरी होती. पावणेचारला एकदम फोनकडे बघायला लागली. डाव्या हाताने खुणा करते. मी म्हटलं, कोणाला लावायचाय का? तर मानेनेच नाही म्हणे. मग माझ्या लक्षात आलं, कोणाचा तरी येणार आहे असं सांगत होती. तिच्या हातात दिला फोन. छातीशी धरून बसली... वीस-पंचवीस मिनिटं. चेहरा असा, की आता वाजेल, आता वाजेल. मग स्वतःच बाजूला सरकवला आणि डोळे मिटले. दिवेलागणीला गेली."



त्यांनी कपाटातून एक डबा आणला. लोकरीच्या सुया, आईचा चष्मा, आणि तळाशी ते कार्ड. पुठ्ठा पिवळा पडलेला, पेन्सिल अजून स्वच्छ. 'निर्धास्त.' खाली माझा शिक्का.

"हे तिने जन्मभर जपलं," मृणालताई म्हणाल्या. "का ते कळलं नाही. अक्षर तर तिचं नाही. आम्ही विचारायचो कोणाचं आहे, तर म्हणायची, असेल कोणाचं तरी. तुम्ही ओळखता का, काका?"

कार्ड माझ्या हातात दिलं त्यांनी. खोलीत आम्ही दोघंच. काउंटर नव्हता, गर्दी नव्हती, सर नव्हते.

मी म्हणालो, "नाही हो. ओळखू येत नाही."

त्यानंतर फळ्यावर कधी काही उमटलं नाही. मी मुद्दाम लिहितो, झडप लावतो, वळून बघतो. माझी ओळ एकटी असते. कुठल्याही घरात काही अडकत नाही. दीड वर्षं हात हलवू न शकलेली बाई कुलपाच्या आत खडूने कसं लिहीत होती, पेन ड्राइव्ह आणि टीव्ही सांगितल्या जागी कसे थांबत होते, वानखेड्यांच्या घरातलं तिला कुठून कळलं, मला माहीत नाही. मिलिंदकडे या सगळ्यासाठीही एखादा इंग्रजी शब्द असेल. माझ्याकडे नाही. आणि खरं सांगायचं तर त्या कोड्यापेक्षा मला दुसरंच छळतं. ती जिवंत होती. भूत असती तर मी सुटलो असतो, उशीर झाला होता म्हणता आलं असतं. उशीर झाला नव्हता. बावीस मिनिटं होती माझ्याकडे.

तर सोसायटीतल्या लोकांनी शाल दुकानात परत करावी. मृणालताई, तुमच्यापर्यंत हे पोचलं तर, ते अक्षर माझं आहे. सरांच्या घरचं आता कोणी उरलं असेल तर त्यांनीही वाचावं. आणि जे बोलायचं होतं ते मी घड्याळ लावून म्हणून पाहिलं. अर्धं मिनिटही लागत नाही.

कुमुदताई, मी लिमये बोलतोय. ते कार्ड मी लिहिलं होतं. तुम्ही रजेवर होतात. मी सिनेमा न पाहताच लिहिलं, आणि सगळ्यांसमोर तुमच्याकडे बोट दाखवलं. बाकीची सगळी कार्डं तुमची होती. माझं चुकलं... मला क्षमा करा.